हत्यार आणि त्याचा गोतावळा

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या खोऱ्यातला एक विद्यार्थी प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून कामथडीला आमच्या रविवारच्या वर्गात आला. त्याच्या आजोबांनी शेतीविषयक मासिकांचे जुने अंक जपून ठेवले होते. त्या पानांचे त्याने मोबाइलवर फोटो काढले होते. फोटोंतली अक्षरे ओळखून मजकूर तयार व्हावा, म्हणजे 'खाचर' किंवा 'तुडतुडे' असा शब्द शोधला की तो कुठल्या अंकात आहे ते कळेल, एवढीच त्याची मागणी होती. त्याआधी त्याने कुठल्याशा संकेतस्थळावरून फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून टाकले होते. मजकूर काही निघाला नाही, उलट ब्राउझरवर जाहिरातींचा पूर आला आणि लॅपटॉप रांगायला लागला. आम्ही त्यावर डेबियन हे लिनक्सचे वितरण टाकले आणि त्याला एकच ओळ टंकायला सांगितली: सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, कारण प्रस्तावनेत त्या फक्त वाचायच्या आहेत. पुढच्या प्रकरणांत त्या जशा टंकायच्या तशाच छापल्या आहेत.)

एंटर दाबल्यावर पडद्यावर यादी उतरली. टेसरॅक्ट हे छापील अक्षर ओळखणारे साधन, आणि 'मार' म्हणजे त्याला मराठी वाचता यावी म्हणून लागणारी सामग्री. पण त्यांच्या मागोमाग चित्रे हाताळणारी लेप्टोनिका आली आणि लेप्टोनिकाच्या मागून पीएनजी, जेपेग, टिफ अशा एकेका चित्रप्रकाराची लायब्ररी आली. मुलाने मान वर करून विचारले, "सर, मी तर दोनच मागितली होती. ही बाकीची मंडळी कोण?"

हे पुस्तक त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर लांबले, कारण प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. ही मंडळी कोण, त्यांना कोणी बोलावले, ती खरी कशावरून, आणि उद्या नको झाली तर घराबाहेर कशी काढायची, एवढे सगळे त्यात येते. या मंडळींना इंग्रजीत डिपेंडन्सी म्हणतात, आणि मराठी परिभाषेत 'अवलंबित्व' असा शब्द वापरतात. आमच्या वर्गात मात्र पहिल्या दिवसापासून 'गोतावळा' हाच शब्द रुळला आणि पुस्तकातही तोच ठेवला आहे. सून घरात येते ती माहेरच्या नात्यांसकट येते, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

कमांड लाइनवरची साधने बहुतेक छोटी आणि एकमार्गी असतात. एखादे फक्त शब्द शोधते, एखादे व्हिडिओचे रूप बदलते, एखादे हजार फोटोंची नावे एका झटक्यात बदलते. बटणे नसल्याने ती हलकी असतात आणि एकमेकांना जोडता येतात. एकाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल होते. जुन्या लॅपटॉपवर, अपुऱ्या मेमरीवर, रोजच्या ठरावीक मोबाइल डेटावर काम करणाऱ्यासाठी यांच्याइतकी सोयीची साधने मला माहीत नाहीत. अडचण असते ती मिळवण्याची.

आपल्याकडे सॉफ्टवेअर 'टाकतात'. ही क्रिया तशी परस्वाधीनच राहिली आहे. दुकानात जायचे, 'विंडोज टाकून द्या, ऑफिस टाकून द्या' म्हणायचे आणि संध्याकाळी यंत्र घेऊन यायचे. दुकानदाराने काय टाकले, कुठून आणले, ते कोणी विचारत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांचे संगणक आणि त्यांवर हातोहात फिरलेल्या सीड्या, अशी आमच्या पिढीची सुरुवात झाली. लिनक्स भेटले तेही सीडीवरच. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत पीसीक्यू लिनक्सची सीडी यायची आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जात झिजून जायची. त्या सीडीवर नसलेले एखादे साधन हवे असेल तर त्याची मूळ संहिता आणायची, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल अशा तीन पायऱ्या चढायच्या, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच पायरीवर 'अमुक फाइल सापडत नाही' असा निरोप मिळायचा. ती फाइल ज्या लायब्ररीत आहे ती आणावी तर तिला तिसरीच हवी असायची. इंटरनेट कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून हा पाठलाग केलेला माणूस, तो आपल्या वतीने करणाऱ्या साधनाकडे, म्हणजे पॅकेज मॅनेजरकडे, कृतज्ञतेनेच पाहतो.

हा पाठलाग संपवण्याची पद्धतशीर खटपट १९९३-९४ पासून सुरू झाली. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी डीपीकेजी हे साधन आकाराला आले. प्रत्येक साधन एका ठरावीक बांधणीच्या गाठोड्यात, म्हणजे पॅकेजात, ठेवायचे आणि गाठोड्यावर चिठ्ठी लावायची: नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, आणि गोतावळ्यात कोण कोण लागते. त्याच सुमारास फ्रीबीएसडीमध्ये जॉर्डन हबर्ड यांनी पोर्ट्स ही पद्धत आणली, आणि १९९५ मध्ये रेड हॅटने आरपीएम आणले. चिठ्ठ्या लागल्या, पण चिठ्ठी वाचून गोतावळा स्वतः गोळा करणारे कोणी नव्हते. आरपीएम नुसते सांगायचे की अमुक हवे. ते आणायला आपणच धावायचे. १९९८ मध्ये ॲप्ट आले आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती पडले. तेव्हापासून धावपळ यंत्राकडे गेली. आरपीएमच्या घरात तीच कामगिरी पुढे यमने आणि नंतर डीएनएफने बजावली.

गोतावळा जमवणे हे काम ऐकायला सोपे वाटते. पण लग्नाचा मुहूर्त ठरवताना मामाला शनिवार चालत नाही, आत्याला परीक्षेच्या आधीचा आठवडा नको, कार्यालय फक्त दोनच तारखांना मोकळे, अशी गत होते. इथे तशा अटी हजारोंनी असतात. एकाला लायब्ररीची तिसरी आवृत्ती हवी, दुसऱ्याला तिसरी चालत नाही, तिसरा चौथ्याशी एका यंत्रात नांदत नाही. सगळ्यांच्या अटी पाळणारी निवड शोधणे हा संगणकशास्त्रातल्या सर्वांत अवघड मानलेल्या प्रश्नांच्या जातीचा, एनपी-पूर्ण प्रश्न आहे. ओपनसूझे या लिनक्स वितरणाने २००८ मध्ये त्यासाठी थेट तर्कशास्त्रातला सॅट सॉल्व्हर वापरला. आपण एंटर दाबतो आणि दोन सेकंदांत यादी येते, त्यामागे हे गणित उभे आहे.

गणितापेक्षा मला भरवशाची व्यवस्था जास्त मोलाची वाटते, म्हणून पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण तिला दिले आहे. भोर तालुक्यातल्या वाचकाला ती बियाण्याच्या पिशवीवरून लगेच समजते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, आणि तोंडाला सील असते. पिशवी नसरापूरच्या दुकानातून घेतली की भोरच्या, याने फरक पडत नाही. दुकानदार ओळखीचा असण्याचीही गरज नाही. सील शाबूत आहे आणि चिठ्ठी खरी आहे, एवढे पाहिले की पुरते. ॲप्टचेही तसेच आहे. पॅकेजे जगभरच्या मिरर सर्व्हरांवर ठेवलेली असतात आणि त्यांतला कुठला सर्व्हर कोण चालवतो ते आपल्याला ठाऊक नसते. पण डेबियन आपल्या मुख्य सूचीवर गुप्तकिल्लीने सही करते. त्या सूचीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) असतात आणि याद्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. वाटेत कोणी एक अक्षर जरी बदलले तरी हॅश जुळत नाही आणि ॲप्ट ते पॅकेज नाकारते. २००७ च्या डेबियन ४.० पासून ही तपासणी आपोआप होते. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा आधी द्यायची असते, हे सगळे पाठ करतात. ती आज्ञा काहीही इन्स्टॉल करत नाही, फक्त ही सही केलेली सूची नव्याने आणते आणि पडताळते, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

खूणचिठ्ठीमागे माणसे असतात. डेबियन १३ मध्ये जवळपास ७० हजार पॅकेजे आहेत आणि प्रत्येकाला कोणीतरी सांभाळणारा, मेंटेनर, आहे. बहुतेक जण हे काम स्वेच्छेने करतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, प्रथमच भारतात, कोचीला भरली. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. ॲप्टच्या संदेशांचा मराठी अनुवादही ॲप्टच्या संहितेत आहे आणि तो मुंबईच्या सी-डॅकमधल्या 'जनभारती' प्रकल्पातल्या मंडळींनी केला. यंत्राचे लोकेल मराठी केले की ॲप्ट आपल्याशी मराठीत बोलते. नंतर भर पडलेली बरीच वाक्ये अजून इंग्रजीतच दिसतात. तरी वर्गात पहिल्यांदा मराठी ओळी उमटल्या तेव्हा मुलांनी एकमेकांना हाका मारून त्या दाखवल्या होत्या.

या क्षेत्रात घराणी अनेक आहेत. डेबियन आणि रेड हॅट ही तयार गाठोडी देणारी घराणी. जेंटूसारखी वितरणे संहिता आणून साधने मुख्यतः आपल्याच यंत्रावर घडवतात. त्यात हवे तसे बदल करण्याची मोकळीक मोठी, पण पावसाळ्यात दिवसातून तीनदा वीज जाते तिथे चार तास चालणारी घडवणूक मी कोणाला सुचवणार नाही. मॅकवर मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये होमब्रू आणले. ते सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, न मागता साधने स्वतंत्र फोल्डरात ठेवते. २०१९ पासून ते लिनक्सवरही अधिकृतपणे चालते. विंडोजवाल्यांना २०११ मध्ये चॉकलेटी मिळाले आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे विंगेट २०२१ मध्ये स्थिर झाले. ज्यांना विंडोज सोडता येत नाही त्यांनी निदान एवढे तरी वापरावे, असा आग्रह मी वर्गात धरतो.

निक्सकडे मात्र थांबून पाहायला हवे. एल्को डॉल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात केलेल्या संशोधनातून ते जन्मले. त्यांचा प्रबंध २००६ चा आहे. बाकीची घराणी नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसवतात. निक्स प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवते, आणि त्या फोल्डराच्या नावात ती कशापासून व कशी घडली याचा हॅश असतो. त्यामुळे एकाच साधनाच्या दोन आवृत्त्या भांडण न करता शेजारी राहतात, आणि बिघडले तर काल होते तिथे एका आज्ञेत परत जाता येते. शिकायला ते अवघड आहे, डिस्कही जास्त खाते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. पण पुढची पंधरा वर्षे हा विषय कुठल्या दिशेने जाईल ते पाहायचे असेल तर तिकडे पाहावे.

दुसरा प्रवाह प्रोग्रामिंग भाषांचा. पर्लचे सीपॅन १९९५ चे, पायथॉनचे पिप २००८ चे, जावास्क्रिप्टचे एनपीएम २०१० चे. इथे कोणीही आपले पॅकेज थेट ठेवू शकतो, मधे मेंटेनरची चाळणी नसते. म्हणून नवे साधन इथे आज येते आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत वर्षा-दोन वर्षांनी. या वेगाची किंमत मार्च २०१६ मध्ये सर्वांनी पाहिली. एनपीएमवरचे 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर टेकलेले असंख्य प्रकल्प घडेनासे झाले. नवशिक्याची अडचण वेगळीच असते. डेबियन १२ पासून पिपने थेट काही टाकायला गेले की 'हे यंत्र बाहेरून सांभाळले जाते' अशा अर्थाची चूक येते. इंटरनेटवर ती चूक दडपण्याची युक्ती लगेच सापडते. पुस्तकात आम्ही ती दिलेली नाही. ॲप्ट आणि पिप या दोन कारभाऱ्यांनी एकाच कोठारात हात घातला तर काय बिघडते ते आधी दाखवले आहे आणि मग पायथॉनसाठी वेगळी खोली कशी करायची ते सांगितले आहे.

आता २९ मार्च २०२४ च्या घटनेकडे येतो, कारण हे पुस्तक लिहायलाच हवे असे मला त्या दिवसानंतर वाटू लागले. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर चाचण्या करताना एसएसएचने (दूरच्या यंत्रावर शिरण्याच्या साधनाने) प्रवेश घ्यायला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनापाशी पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. एसएसएचला एक्सझेडची मुळात गरज नाही. पण काही वितरणांनी त्याला सिस्टिमडी या यंत्रातल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या लायब्ररीची जोड दिली होती आणि ती लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीवर टेकलेली होती. चोर आला तो व्याह्याच्या व्याह्याचे नाते सांगत. एक्सझेड अनेक वर्षे मुख्यतः एकटे लासे कॉलिन सांभाळत होते. 'जिआ टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत त्यांचा विश्वास मिळवला आणि मग हे केले. सही खरी होती, सील शाबूत होते, आणि बियाणे तयार करणाऱ्याच्याच घरात बिघडवलेले होते. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली, कारण तिथे नवी आवृत्ती इतक्या लवकर पोचतच नाही. 'डेबियन जुने सॉफ्टवेअर देते' अशी तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकली आहे. तो संथपणा मला आता पाखडण्यासारखा वाटतो. वेळ लागतो, पण खडा सुपात दिसतो.

विषय आज निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या वर्गातली मुले आता आज्ञा चॅटबॉटला विचारतात. उत्तर बहुधा बरोबर येते. कधी मात्र अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव येते. मेंटेनरची चाळणी नसलेल्या कोठारात त्याच नावाचे विषारी पॅकेज कोणीही आधीच ठेवून देऊ शकतो. कर्लने स्क्रिप्ट आणून थेट बॅशच्या हाती देणारी ओळ तर जागोजागी सापडते. तिच्यात ना चिठ्ठी, ना सील. आधी 'ॲप्ट शो' देऊन पॅकेजची माहिती वाचायची, मेंटेनर आणि गोतावळा पाहायचा, आणि मगच इन्स्टॉल म्हणायचे, ही सवय लागली तरी पुस्तकाचे अर्धे काम झाले.

पुस्तकाची मांडणी आमच्या भागाच्या गरजेतून झाली आहे. धांगवडी आणि नायगावला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत; तिथे जाणाऱ्या मुलांच्या हाती लॅपटॉप येतो. पण त्याआधी चार वर्षे त्यांच्या हाती मोबाइल असतो. म्हणून पहिले प्रकरण टर्मक्सचे आहे. अँड्रॉइड फोनवर चालणारे हे टर्मिनल एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घ्यावे. त्यातली 'पीकेजी' ही आज्ञा आतून ॲप्टलाच हाक मारते. फोन रूट न करता, अॅपच्या स्वतःच्या फोल्डरात पायथॉन, गिट, एफएफएमपेग, सगळे बसते. जे मोबाइलवर शिकलात तेच पुढे डेबियनवर कामाला येते. हेच पाहून उदाहरणांसाठी ॲप्टचे घराणे निवडले. उदाहरणेही मराठी मजकुराची घेतली आहेत: टेसरॅक्टने छापील पान वाचणे, रिपग्रेपने हजार फाइलींत देवनागरी शब्द शोधणे, रेड हॅटने खुला केलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट ॲप्टने बसवणे. नावांतल्या खाचाखोचाही तिथेच सांगितल्या आहेत. एफडी हे फाइल शोधणारे साधन डेबियनमध्ये 'एफडी-फाइंड' या पॅकेजात मिळते आणि 'एफडीफाइंड' म्हणून चालते, हे ठाऊक नसले तर अर्धा दिवस वाया जातो.

शेवटचा मोठा भाग नेट नसलेल्या यंत्रांचा आहे आणि माझा जीव त्यात सर्वांत जास्त गुंतला आहे. महामार्गालगत कामथडीला रेंज असते, चेलाडी फाट्यावरून आत वेल्ह्याकडे वळून डोंगर आडवा आला की ती जाते. अशा ठिकाणी वर्गातल्या दहा यंत्रांनी तीच पॅकेजे दहादा उतरवणे परवडत नाही. ॲप्ट-कॅशर-एनजी एका यंत्रावर बसवले की पहिल्याने आणलेले बाकीच्या नऊ जणांना तिथूनच मिळते. आणि ज्याच्या घरी नेटच नाही त्याच्यासाठी ॲप्ट-ऑफलाइन आहे. ते रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन डेव्हलपरने लिहिले. घरच्या यंत्रावर 'सेट' म्हटले की काय काय हवे त्याची छोटी फाइल तयार होते. ती पेनड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या यंत्रावर जायचे, 'गेट' म्हणून सगळा गोतावळा एका गाठोड्यात बांधून घ्यायचा, आणि घरी येऊन 'इन्स्टॉल' म्हणायचे. सह्यांची तपासणी त्यातही सुटत नाही.

सुरुवातीला सांगितलेला विद्यार्थी आता हेच करतो. दर रविवारी पेनड्राइव्हवर चार जणांच्या याद्या घेऊन येतो. पुस्तकातल्या आज्ञा आम्ही डेबियन १३ वर आणि टर्मक्सवर चालवून पाहिल्या आहेत. ऑफलाइनच्या प्रकरणातल्या आज्ञा त्याने स्वतःच्या घरी, नेटशिवाय, पुन्हा एकदा चालवल्या आणि दोन ठिकाणी आमची चूक दाखवली. ती दुरुस्त केली आहे.

कामथडी, ता. भोर, जि. पुणे